परत आलेली मनीऑर्डर

केशरबाईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर नव्हता. उठायची, चूल पेटवायची, सहा भाकरी थापायची. दोन स्वतःच्या फडक्यात बांधायची, चार सुनेसाठी आणि नातीसाठी झाकून ठेवायची. सव्वाचारला वालूरच्या फाट्यावर उभी. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि उशिरा आलेल्याला मागं लटकावं लागतं, म्हणून ती पहिली जायची. सहाला सेलूच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगापुढं बसलेली असायची.

तिचं काम कवडी वेचायचं. किडलेला, पिवळा पडलेला, पाला-काडी चिकटलेला कापूस चांगल्या कापसातून बाजूला काढायचा. हे काम बसून करायचं असतं म्हणून लोकांना हलकं वाटतं. हलकं नाही. आठ तास मान खाली, नाकातोंडात तंतू, आणि बोटांच्या टोकाला सरकीची टरफलं घुसलेली. मी त्याच जिनिंगमध्ये चौतीस वर्षं हमाली केली. दाबलेल्या रुईची एक गठाण एकशेसत्तर किलोची. माझ्या कामाला लोक काम म्हणायचे, तिच्या कामाला म्हणायचे नाहीत. पण मी बघितलं आहे. इतर बायांच्या ढिगात हात घातला तर काडी लागायची. केशरबाईच्या ढिगात कधी लागली नाही.

आता तिच्या मुलाचं. ते आधी सांगून टाकतो, कारण बाकी सगळं त्याच्यामुळे आहे.

मुलगा बजरंग. बाप लवकर गेला. सोळाव्या वर्षी माझ्याबरोबर हमालीला आला. हमालाजवळ लोखंडी आकडा असतो, पोतं ओढायचा. तो कसा धरायचा, मनगट कसं वळवायचं, हे त्याला मी शिकवलं. पुढं तो रुईच्या ट्रकबरोबर दिल्लीला गेला आणि तिथेच एका गोदामात हमालीला राहिला. लग्न झालं, मुलगी झाली, सणाला यायचा. दोन हजार अकरा साली पगारावरून मालकाशी भांडण झालं. बजरंगने आणि आणखी एकाने मालकाला जिवे मारलं. आवाज ऐकून मालकाची म्हातारी आई बाहेर आली, तिलाही मारलं. आकड्याने. मेलेल्या त्या दोघांची नावं केशरबाईला पाठ आहेत. मी इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही.

खालच्या कोर्टाने फाशी दिली. वरच्याने कायम केली. सर्वांत वरच्यानेही कायम केली. मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज गेला. दोन हजार अठरा साल. तिथे तो पडून होता.

"पोरानं केलं न्हाई," असं केशरबाई कधी म्हणाली नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणी बाई तिची बाजू घेऊन म्हणाली, "गरिबाला अडकवलं असंल वं." केशरबाईने भाकरी खाली ठेवली. "त्यानं केलं. म्हातारी माझ्याच वयाची व्हती," म्हणाली आणि परत जेवायला लागली.

आपला कागद हलावा म्हणून लोक देवाला साकडं घालतात. केशरबाई तिचा कागद हलू नये म्हणून घालायची.

गावात गोविंदराव गुरुजी होते, शाळेतून रिटायर झालेले. त्यांना कात्रणांचा नाद. बजरंगला शिक्षा झाल्यापासून त्यांनी एक वही केली होती. दिल्लीत आजवर फाशी कुणाला, कुठे, कशी दिली, ते त्यात. केशरबाई रविवारी त्यांच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची. मीही जायचो. तिला आतल्या गोष्टीत रस नव्हता. किती दिवस लागले, तेवढंच तिला हवं असायचं.

गुरुजी वाचायचे. सत्तावन्नच्या बंडानंतर चांदणी चौकात कोतवालीपुढं फाशीचे खांब उभे केले होते. नंतर इंग्रजांचं जुनं जेल. व्हाइसरॉयवर बॉम्ब टाकल्याच्या खटल्यातली माणसं तिथे फासावर गेली. आता त्या जागेवर डॉक्टरांचं कॉलेज आहे.

"डॉक्टरचं?" केशरबाई म्हणाली. "म्हंजे तिथं आता जीव वाचवायलेत."

"हो."

"ब्येस झालं. फुडं वाचा."

एकोणीसशे अठ्ठावन्न साली नवं जेल झालं, मोठं. बजरंग होता ते. एकोणनव्वदच्या जानेवारीत तिथे दोघांना फाशी झाली. त्यानंतर चोवीस वर्षं दिल्लीत एकालाही नाही.

"चोवीस?" तिने बोटांवर मोजलं. त्या दिवशी तिचा चेहरा जरा सैल झालेला मी बघितला. मी म्हणालो, आमचे आजोबा सांगायचे, निजामाच्या राज्यात फाशीचा कागद हैद्राबादला जायचा आणि तिथेच पडून राहायचा, सही काही व्हायची नाही. खरं-खोटं गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. केशरबाई म्हणाली, "राजधानीला लय कामं असतेत. पडून ऱ्हाऊ द्या."

पण वहीत पुढचं पान होतं. गुरुजींनी ते टाळायला हवं होतं, पण मास्तर माणूस, पान गाळत नाही. दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत दिल्लीत एकाला फाशी दिली. घरच्यांना कळवायचं पत्र पोस्टाने पाठवलं होतं. ते फाशीनंतर दोन दिवसांनी पोचलं. मढंही दिलं नाही. जेलच्या आवारातच पुरलं.

गुरुजींनी वही मिटली.

"त्यानंतर कोर्टाने नियम केला," गुरुजी घाईने म्हणाले. "अर्ज फेटाळल्यावर चौदा दिवस मधे जावे लागतात. घरी आधी कळवावं लागतं. आता तसं होणार नाही, केशरबाई."

"दिल्लीहून वालूरला मढं आणायचं म्हणलं तर गाडीला किती लागतेत?" तिने विचारलं.

गुरुजींनी परभणीला कुणाला तरी फोन लावून आकडा सांगितला. मोठा होता. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याची सोय सुरू केली. मजुरी आली की आधी मीठ-मिरची, मग बजरंगची मनीऑर्डर, मग उरलेले पत्र्याच्या डब्यात. त्या डब्याला ती 'गाडीचा डबा' म्हणायची. नात निकिताच्या दप्तराला पैसे कमी पडले तरी त्याला हात लावला नाही. शेजारणी म्हणायच्या, "बया, जित्या लेकाच्या मढ्याला पैशे साठवायली!" केशरबाई म्हणायची, "तुमच्या लेकाला तुमी घरी बघता. माझ्याला मी एकदाच बघीन, पर घरी."

मनीऑर्डरचा फॉर्म मी भरायचो. गुडघा गेल्यापासून मी घरीच असायचो आणि सातवीपर्यंत शिकलेलो. दर महिन्याच्या पाच तारखेला. दिल्लीच्या त्या जेलला आत वेगवेगळे नंबर आहेत. बजरंग तीन नंबरात. मागच्या महिन्याची पावती समोर ठेवायची आणि उतरवायचं. चार वर्षं असंच.

दोन हजार वीसचा मार्च आला. तो महिनाभर टीव्हीवर दिल्लीची एकच बातमी. चौघांना फाशी होणार होती. तारीख निघायची, पुढं ढकलायची, पुन्हा निघायची. सगळा देश त्या चौघांची नावं जाणत होता. बजरंगचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. पण जेल तेच, खांब तेच. प्रत्येक वेळी तारीख पुढं गेली की केशरबाई मला विचारायची, "म्हंजे आज फाशीचं मशीन बंद?" मी म्हणायचो, बंद. मग ती जीपला जायची.

वीस मार्चला, शुक्रवारी, पहाटे साडेपाचला ती फाशी झाली. त्या वेळी केशरबाई जीपमध्ये होती. ड्रायव्हरच्या मोबाइलवर बातमी आली आणि त्याने मोठ्याने सांगितलं. मागच्या बाकावरचा कुणी म्हणाला, "ब्येस झालं." जीपमधल्या बायांनी केशरबाईकडे बघितलं. तिने त्या दिवशी पूर्ण आठ तास काम केलं. मी हे मुकादमाकडून ऐकलं. ढीगही नेहमीएवढाच निघाला.

शनिवारी सकाळी पोस्टमन आला. बजरंगची मनीऑर्डर परत आली होती. त्यावर शेरा होता: या पत्त्यावर नाही.

पोस्टमनने तो वाचून दाखवला, दुसऱ्यांदाही वाचला. दारात तेव्हा केशरबाईचा दीर परमेश्वर होता. त्याने तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि तिथेच खाली बसला. अर्ध्या तासात गल्ली भरली.

आमच्याकडे जुनी रीत आहे. बाहेरगावच्या माणसाला पाठवलेले पैसे 'नाही' म्हणून परत आले की समजून जायचं. पत्र हरवतं, पैसे कुणी परत पाठवत नाही. माझ्या लहानपणी हैद्राबादला गेलेल्या दोघांचं असंच कळलं होतं, आणि ते खरंच निघालं होतं.

"पर टीव्हीत चारच नावं व्हती," मी म्हणालो.

"गरिबाचं पाचवं नाव कोन घेतंय, बन्सीदादा?" परमेश्वर म्हणाला. "चार मोठ्या मुकदम्याचे. त्यायच्या मागं एखादा आपला ढकलून दिला तर कोन इचारतंय?"

गुरुजी तेव्हा पुण्याला होते, मुलगी मधुवंतीकडे. फोन लावला. ते ओरडूनच बोलत होते. "अहो, असं होत नाही! अर्ज फेटाळल्याचं आधी कळवावं लागतं. चौदा दिवसांचा नियम आहे!"

"गुरुजी, त्या तेरा सालच्या मानसाच्या घरी आधी कळलं व्हतं का? तुमीच वाचून दाखवलं," परमेश्वर फोनवर म्हणाला.

"तो नियम त्यानंतर झाला, परमेश्वर."

"नियम दिल्लीला झाला. पोस्टमन वालूरला आलाय."

गुरुजींनी दिल्लीच्या वकिलाचा नंबर दिला, सरकारी मदतीचा वकील. तो लागला नाही. रविवारी करोनामुळे सगळा देश घरात बसवला. सोमवारी एसटी गेली नाही. रेल्वे बंद. जिनिंग बंद. मंगळवारी रात्री सगळंच बंद झालं. आता दिल्लीला जाऊन विचारायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

केशरबाई रडली नाही. "मला कागद दाखवा," एवढंच म्हणत होती. "फाशी दिली असा कागद दाखवा." बाया तिच्या सुनेजवळ, राजेश्रीजवळ सरकल्या, तिच्या हाताकडे बघायला लागल्या. बांगड्या होत्या. केशरबाई मधे येऊन बसली. "हिच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई. कागद आला की मी सोता फोडीन."

"अगं, सुतक लागलंय," मोठी जाऊ म्हणाली.

"लागू दे. बांगड्याला न्हाई लागत."

परमेश्वर तसा वाईट माणूस नाही. पण त्याला लोक काय म्हणतील हे फार लागतं. तो म्हणाला, "वहिनी, दहावा तरी करावा लागंल. जीव अडकून बसंल त्याचा. जिता असंल तर आपलं काय गेलं? मेला असंल तर त्याला खायला कोन घालणार?" शेवटी केशरबाई म्हणाली, "करा." वीस तारीख मृत्यूची धरली.

मग परमेश्वरने डब्याची गोष्ट काढली. खर्चाला पैसे लागतील.

"ते गाडीचे हायेत," केशरबाई म्हणाली.

"आता कशाची गाडी? मढं ते देत न्हाईत."

"गाडीचे हायेत, भाऊजी."

त्या नऊ दिवसांत तिला काम नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तरी साडेतीनला उठायची. राजेश्रीने मला सांगितलं, "आत्याबाई चूल पेटवतेत आन् नुसत्या बसतेत, काका. भाकरी थापत न्हाईत." काम करणाऱ्या माणसाला काळजीबरोबर रिकामं बसवणं ही मोठी शिक्षा आहे. मला ते माहीत आहे. मी ओसरीवर बसून तिच्या दाराकडे बघत राहायचो. कुणी पोलीस येतो का, कुणी कागद घेऊन येतो का. मोटारसायकलचा आवाज आला की गल्लीतली प्रत्येक बाई दारात यायची.

एकोणतीस तारखेला दहावा. जास्त माणसं नको असा हुकूम होता. दुधना नदीकाठी आम्ही सात जण गेलो, तोंडाला रुमाल बांधून. न्हाव्यानेही रुमाल बांधला होता. बजरंगला मुलगा नाही, म्हणून परमेश्वरने पिंड ठेवला आणि सगळे मागे सरलो.

बाभळीवर कावळे होते. मी मोजले, सात होते. एकही खाली आला नाही.

अर्धा तास गेला. ऊन चढलं. असं झालं की मेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं धरतात, आणि नातेवाइकाने पुढं होऊन वचन द्यायचं असतं. परमेश्वर हात जोडून पुढं झाला. "बजरंगा, राजेश्रीला सांभाळीन." कावळा हलला नाही. "निकिताचं लगीन मी करीन." नाही.

मागून न्हावी म्हणाला, "परमेश्वरबापू, आनखी काय दाबून ठिवलंय ते बोला. कावळ्याला समदं ठावं असतंय."

आम्हां सगळ्यांना ते ठाऊक होतं. बजरंगच्या बापाच्या वाट्याचा अर्धा एकर परमेश्वर बारा वर्षं कसत होता आणि 'बघू' म्हणत होता. परमेश्वरला घाम फुटला. त्याने आमच्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. "अर्धा एकर वहिनीच्या नावानं करून देतो," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला, झाड उंच हाय," न्हावी म्हणाला.

परमेश्वर मोठ्याने बोलला. कावळे उडाले आणि नदीपलीकडे गेले.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि उरकलं. गल्लीच्या कोपऱ्यावर केशरबाई उभी होती. बायका नदीवर येत नाहीत. तिने मला एकट्याला विचारलं, "शिवला?"

"न्हाई."

"मग भूक कुणाला लागली व्हती, बन्सीदादा?" म्हणाली आणि आत गेली.

मी घरी आलो. आंघोळ केली. जेवण गेलं नाही. त्या परत आलेल्या मनीऑर्डरचा विचार डोक्यातून जात नव्हता. 'या पत्त्यावर नाही.' मेला असं लिहिलेलं नव्हतं. सरकार मेलेल्या माणसाला सरळ मेला असं लिहितं, त्यात ते कुचराई करत नाही. मी डबीतून पावत्या काढल्या. मार्चची, फेब्रुवारीची, जानेवारीची. तिन्हींवर माझं अक्षर. तीन नंबर, तीन नंबर, तीन नंबर.

आणि मला आठवलं. फेब्रुवारीच्या शेवटी बजरंगचं पत्र आलं होतं. मीच वाचून दाखवलं होतं. त्यात निकिताच्या शाळेचं होतं, दाढ दुखल्याचं होतं, आणि खाली कुठेतरी एक ओळ होती.

मी गुडघा विसरून केशरबाईच्या घरी गेलो. पत्र मागितलं. तिने पेटीतून काढलं. ती ओळ होती. 'मला आता आठ नंबरात आणलं आहे, इथे हवा बरी आहे.'

मी खाली बसलो. सांगितलं. चौतीस वर्षांत मी एकही गठाण चुकीच्या थप्पीला लावली नाही. आणि पाच मार्चला मागची पावती समोर ठेवून मी डोळे झाकून तीन लिहिला होता. माझ्या आळसाने त्या घरात सुतक बसलं होतं. मी वाचलेलं मीच ध्यानात ठेवलं नव्हतं.

राजेश्री भिंतीला टेकली. केशरबाईने शिवी दिली असती तर मला हलकं वाटलं असतं.

"म्हंजे जिता हाय?" तिने विचारलं.

"ते मी सांगू शकत न्हाई. मनीऑर्डर कामून परत आली तेवढं कळालं."

हे मी खरं बोललो. पण ते बोलणं तिला किती जड गेलं ते दिसलं. आधी निदान एक बातमी होती. आता तीही नव्हती.

"परत भरा," ती म्हणाली.

त्या बंदमध्येही पोस्ट दोन तास उघडं असायचं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. आठ. तिने माझ्या शेजारी उभं राहून बोट ठेवलं. "ह्यो आठ हाय का?" तिला आकडे येतात. तरी विचारलं.

एप्रिल गेला. मे गेला. पोच आली नाही. ती आता भाकरी थापायची, पण रोज एक जास्त थापायची आणि संध्याकाळी गायीला घालायची. का, ते मी विचारलं नाही. गुरुजी पुण्याहून रोज फोन करायचे. राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्याची बातमी कुठेच नाही, म्हणायचे. केशरबाई ऐकायची. पण तिचा भरवसा आता वहीवर राहिला नव्हता.

जून लागला आणि पोच आली. सहीच्या जागी 'बजरंग' लिहिलेलं. तिने पेटीतली सगळी जुनी पत्रं काढली, जमिनीवर मांडली आणि 'ब' ला 'ब' लावून बघितला. एकेक. निकिताने सांगितलं, "आजी, बाबाचाच हाय." तरी ती शेवटच्या पत्रापर्यंत गेली. मग उठली, पोच पदराच्या गाठीत बांधली आणि तडक परमेश्वरच्या दारात. मी मागं होतोच.

"भाऊजी, तलाठ्याकडं कधी जायचं?"

"कशाला, वहिनी?"

"अर्धा एकर."

परमेश्वरचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला पुतण्या जिवंत असल्याचा आनंद झाला होता. खोटं बोलणार नाही, डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. पण तो म्हणाला, "वहिनी, ते वचन मेलेल्याला दिलं व्हतं."

"मंग मेलेल्याकडून परत घ्या," केशरबाई म्हणाली.

सातबारा त्या दिवाळीत तिच्या नावावर झाला. त्यात गावाचाही हात होता. कारण सात साक्षीदार होते आणि न्हावी रोज वीस दाढ्या करायचा. प्रत्येक दाढीला तो ती गोष्ट सांगायचा.

जाणत्या लोकांनी आणखी एक सांगितलं. जित्या माणसाचा दहावा झाला तर तो दोष जातो कसा, तर त्याला परत जन्माला घालावं लागतं. पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं, लग्न पुन्हा लावायचं. केशरबाई म्हणाली, "घालते की. घरी येऊ द्या."

ती परत जिनिंगला जायला लागली. साडेतीनला उठणं, जीप, ढीग. डबा भरत होता. तीन वर्षं आणखी गेली. दर महिन्याला फॉर्म भरताना ती शेजारी उभी राहायची, आणि मी मागची पावती समोर ठेवणं सोडलं होतं. आधी तिला विचारायचो, "पत्रात काय नंबर हाय?" मग लिहायचो.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत गुरुजी काठी टेकत आमच्या गल्लीत आले. ते कधी स्वतः येत नसत. त्यांना येताना बघून केशरबाई दारातच बसली.

"केशरबाई, ऐका. दिल्लीच्या कोर्टाने निकाल दिला. दयेचा अर्ज इतकी वर्षं तसाच पडून राहिला म्हणून फाशी काढली. आता जन्मठेप."

"काढली का फुडं ढकलली?"

"काढली."

"आनखी तारीख न्हाई?"

"नाही. पण बाहेर नाही येणार. म्हातारा होईपर्यंत नाही."

ती गुरुजींकडे बघत राहिली. मग तिने त्या मालकाचं आणि त्याच्या आईचं नाव घेतलं, दोन्ही, पूर्ण. हात जोडले. कुणाला जोडले ते मला कळलं नाही. उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली.

मार्चमध्ये हंगाम संपला तेव्हा ती डबा आणि निकिताला घेऊन माझ्याकडे आली. आम्ही सेलू स्टेशनला गेलो, रिझर्व्हेशनच्या खिडकीवर. परभणी ते दिल्ली, तीन माणसं: केशरबाई, राजेश्री, निकिता. निकिताने बापाला चालायला लागल्यापासून बघितलेलं नव्हतं. मी फॉर्म भरला. नाव, वय, तारीख. केशरबाईचं वय सहासष्ट लिहिलं.

"आन् जेलचा नंबर?" ती म्हणाली.

"हा रेल्वेचा फॉर्म हाय. इथं लागत न्हाई."

"तरी. तिथं गेल्यावर कुणाला इचारू? चिठ्ठीवर लिवून द्या."

मी वेगळ्या कागदावर जेलचं नाव आणि पत्ता लिहिला. खाली आठ लिहिला.

"वाचा."

"आठ."

"परत वाचा."

"आठ, केशरबाई."

तिने चिठ्ठी घेतली, निकिताकडूनही एकदा वाचून घेतली आणि पदराला बांधली. मग डबा उघडला आणि मढं आणायच्या गाडीसाठी साठवलेल्या पैशांतून तिकिटांचे पैसे खिडकीतून आत सरकवले. आतल्या बाबूने नोटा झटकल्या, कारण त्यांना रुईचा तंतू चिकटला होता. जातानाची तीन आणि येतानाची तीन, अशी सहा तिकिटं झाली.